मांजर नको, मडकं आणा

कॉलेजच्या मुलांकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या कुंपणाची रस्त्याकडची भिंत मिळाली आहे, साठ फूट लांब आणि आठ फूट उंच. विषय ठरलाय ‘क्वांटम’, म्हणजे अणू आणि इलेक्ट्रॉन यांच्या पातळीवरचं फिजिक्स. वहीत आत्तापर्यंत तीन कल्पना उतरल्या आहेत. अर्धी जिवंत आणि अर्धा सांगाडा अशी मांजर, तीन लंबवर्तुळांत फिरणारे इलेक्ट्रॉन, आणि श्रोडिंजरचं समीकरण मोठ्या अक्षरांत. याहून वेगळं काय करता येईल, क्वांटमच्या कल्पनांतून रस्त्यावरची कला सुचू शकते का, असं विचारलंय.

मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं आणि नंतरची बावीस वर्षं भिंती रंगवण्यात गेली. दोन्हीकडचे लोक मला अर्धवट समजतात, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायचा अधिकार बहुधा माझ्याकडेच येतो.

आधी मांजर. श्रोडिंजर या भौतिकशास्त्रज्ञाने १९३५ साली कल्पनेतल्या पेटीत एक मांजर घातली, पेटी उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलीही. घातली ती ‘बघा किती गंमत’ म्हणून नव्हे, तर क्वांटमवाल्यांना ‘तुमचं म्हणणं शेवटपर्यंत ताणलं तर असं हास्यास्पद काहीतरी निघतं’ हे दाखवायला. आपण तो टोमणाच पोस्टरवर छापून बसलो. पण माझी खरी तक्रार निराळी आहे. डावीकडे मांजर आणि उजवीकडे सांगाडा काढला की दोन गोष्टी शेजारी ठेवल्यासारखं होतं, अर्धा चहा अर्धी कॉफी. क्वांटममध्ये दोन शक्यता शेजारी बसत नाहीत, त्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेत उणे चिन्हही येऊ शकतं. एक वाट उघडी असताना जिथे इलेक्ट्रॉन पोचत होते तिथे दुसरी वाटही उघडली की ते पोचायचे बंद होतात. दार जास्त, पाहुणे कमी! हे मांजरीच्या चित्रात कुठेच येत नाही. आणि जे चित्रात येत नाही तोच विषय आहे.

लंबवर्तुळांबद्दल भांडण नाही, फक्त ते जुनं आहे. इलेक्ट्रॉन अशा रुळांवरून धावत नाही, हे आता शंभर वर्षांचं जुनं ज्ञान झालं. अणू काढायचाच असेल तर स्प्रे कॅनइतकं योग्य साधन दुसरं नाही. ब्रश रेष मागतो आणि अणूला रेषच नसते. जाड फवाऱ्याची कॅप लावा, हात भिंतीपासून फूटभर मागे घ्या आणि धुकं बसू द्या. जिथे रंग दाट तिथे इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता जास्त. हायड्रोजनचा सर्वांत खालचा ढग गोल असतो आणि मध्याशी सर्वांत दाट. त्याच्या वरच्या पायरीवर दोन फुग्यांसारखा ढग मिळतो आणि दोन फुग्यांच्या मधोमध कोरी भिंत राहते. तिथे एक थेंबही पडता कामा नये. ती कोरी जागा सांभाळणं हेच त्या चित्रातलं कसब. कडेला मास्किंग टेप लावायचा मोह होईल, लावू नका. ढगाला धारदार कड आली की पुन्हा फुगाच झाला.

समीकरण भिंतीवर लिहायला मात्र माझी हरकत नाही, फक्त ते त्या गावाचं असावं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९२ पासून घरांच्या भिंतींवर कविता रंगवल्या जात होत्या, निरनिराळ्या भाषांतल्या, त्या त्या लिपीत. २०१५ मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच चित्रकारांना हाताशी धरलं आणि भिंतींवर सूत्रं येऊ लागली. पहिलं आइन्स्टाइनचं, विज्ञानाच्या संग्रहालयाच्या भिंतीवर. पुढे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं (त्याच्या अंगच्या फिरकीचं) आलं, कारण ती कल्पना उलेनबेक आणि खाउडस्मिट या दोन तरुणांनी १९२५ साली याच शहरात मांडली. म्हणजे सूत्राला पत्ता आहे. आपल्याकडे तसा पत्ता कुठला? भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांचा प्रकाशाच्या कणांवरचा १९२४ चा निबंध ढाक्याहून निघाला. तो कॉलेजच्या भिंतीवर नेमका कशाला, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. नुसतं ‘क्वांटम म्हणजे हे’ म्हणून लिहिलेलं समीकरण रस्त्यावरच्या माणसाला औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसतं. अक्षर कुणाचंतरी आहे, आजार कुणाचातरी आहे, आपला काही संबंध नाही.

आता एक गोष्ट जी वहीत नाही, पण भिंतीवर आधीपासून आहे. रंग स्वतःच क्वांटम आहे. बाहेरच्या भिंतीच्या जवळजवळ प्रत्येक पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढवायला सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं माप) लागतात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणांकडे बहुतेक तेवढी ताकद नसते, म्हणून तो सगळा प्रकाश परत पाठवतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. कॅडमियमच्या पिवळ्यात हीच पायरी २.४ ची. निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा चढवू शकतो, तो शोषला जातो, उरतो पिवळा. (कॅडमियम विषारी आहे. उदाहरणापुरतं सांगितलं, फवारायला घेऊ नका.)

जुनी पोस्टरं निळी का पडतात हे कधी पाहिलंय? लग्नाच्या हॉलबाहेरचा बोर्ड, सलूनमधले हिरो, सगळे दोन-तीन उन्हाळ्यांत निळसर होतात. लाल आणि पिवळी शाई आधी जाते, निळी टिकते. पण कुठलीही शाई उडते ती मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. त्यांचा एकेक कण साडेतीन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो आणि रेणूतला बंध एका धक्क्यात तोडू शकतो. लाल प्रकाशाचा कण पावणेदोनचा. तो कितीही ओता, बंध तुटत नाही. रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राला एक रुपयाचं नाणं लागायचं. चार आण्यांची पिशवी घेऊन उभं राहिलात तरी काटा हलायचा नाही. प्रकाश असा सुट्ट्या नाण्यांनी येतो हे आइन्स्टाइनने १९०५ साली सांगितलं. भिंती रंगवणाऱ्याला ते पश्चिमेच्या भिंतीवर दर वर्षी दिसतं. तुमची भिंत कुठल्या दिशेची आहे हे प्रश्नात लिहिलेलं नाही. पश्चिमेची असेल तर स्वस्त लाल विसरा.

दिव्याचंही तसंच. ज्या रस्त्यावर अजून सोडियमचे पिवळे दिवे असतील तिथे रात्री निळा रंग काळा दिसतो. सोडियमचा इलेक्ट्रॉन एका ठराविक पायरीवरून खाली येतो आणि ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा तेवढा देतो. रस्त्यावरच्या दिव्यांत दाब जास्त असल्याने ती रेष जरा फाकते, पण निळं परत पाठवायला निळा प्रकाश यावा लागतो आणि तोच तिथे अपुरा असतो. मी एकदा महिनाभर खपून निळाशार समुद्र काढला. उद्घाटन ठेवलं संध्याकाळी सातला. पाहुण्यांनी विचारलं, हा डांबराचा रस्ता का? तेव्हापासून कुठलाही रंग पक्का करण्याआधी मी त्याचे पट्टे भिंतीवर ओढून रात्री नऊला पाहून येतो. तुमच्या रस्त्यावर पांढरे एलईडी आले असतील तर हा त्रास बराच कमी.

पण हे सगळं म्हणजे भिंत क्वांटम असणं. भिंतीवर क्वांटम *दिसणं* वेगळं.

ते कसं दाखवायचं हे मला बऱ्याच वर्षांनी एका फसलेल्या प्रयोगातून कळलं. जुन्या एक्स-रे फिल्ममधून साचे कापायची आम्हा लोकांची सवय. एकदा गंमत म्हणून तशा फिल्मला दोन उभ्या फटी पाडल्या, भिंतीपासून थोडी दूर धरली आणि फवारलं. भिंतीवर काय उमटलं? दोन उभे पट्टे, कडेला जरा फुसफुशीत. अर्थात. रंगाचे थेंब म्हणजे छर्रे. एक थेंब एका फटीतून जातो, दुसरीशी त्याला देणंघेणं नसतं. इलेक्ट्रॉन पाठवले असते तर दोन नव्हे, कितीतरी पट्टे आले असते, आणि मध्ये मध्ये काळोखी जागा. शिवाय मी फट अरुंद केली तशी माझी रेष बारीक झाली. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत फट एका हद्दीपलीकडे अरुंद केली की ठसा उलट पसरतो. म्हणजे स्प्रे आणि साचा, रस्त्यावरच्या कलेची ही दोन लाडकी हत्यारं, क्वांटमच्या नेमकी विरुद्ध वागतात. हे लक्षात आलं त्या दिवशी मी उपमा शोधायचं सोडलं. रंग इलेक्ट्रॉनची नक्कल करणार नाही. पण रस्त्यावर रंगाखेरीज दुसरंही काही असतं, आणि ते भरपूर असतं. येणारी-जाणारी माणसं.

१९८९ मध्ये जपानच्या हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडून हा प्रयोग केला. (बोलोन्याच्या इटालियन मंडळींनी १९७४ मध्ये असं आधी करून पाहिलं होतं. आणि दोन्हीकडे खऱ्या फटी नव्हत्या, मधोमध एक अतिसूक्ष्म विद्युतभारित तार होती, तिच्या डावीउजवीकडून दोन वाटा.) पडद्यावर एक ठिपका उमटतो. मग दुसरा, भलत्याच ठिकाणी. पहिले दहा-वीस पाहून कुणीही म्हणेल, पोराने शाई शिंपडली. शेकड्यांत गेल्यावर काहीतरी आहे असा संशय येतो. हजारांत गेल्यावर स्वच्छ उभे पट्टे. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या हे बरोबर उलटं. रांगोळीत ठिपके आधी शिस्तीत मांडतात आणि चित्र नंतर मोकळं होतं. इथे ठिपका बेशिस्त आणि शिस्त फक्त गर्दीला.

तर तुमच्या साठ फुटांतले चाळीस फूट याला द्या. पार्श्वभूमी एकसारखी गडद, निळसर काळी. त्यावर सूत मारून एकेक फुटाचे चाळीस उभे रकाने आखा, खडूनेच, नंतर पुसता येतील असे. वर बारीक आकडे. दाराशी एक मडकं ठेवा. त्यात रकान्यांच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या, पण सारख्या नाहीत. दर आठ रकान्यांमागे संख्या अशा: २०, १७, १०, ३, ०, ३, १०, १७. बेरीज ऐंशी. हेच पाच वेळा, म्हणजे चारशे चिठ्ठ्या. आकडे मनाचे नाहीत, दोन वाटांच्या बेरजेतून येणाऱ्या कोसाइनच्या वर्गाचे आहेत, पूर्णांकात बसवलेले. खऱ्या प्रयोगात कडेकडचे पट्टे फिके होत जातात, ते आपण सोडून दिलंय. रस्त्यावरून जाणारा कुणीही थांबतो, चिठ्ठी काढतो, त्या रकान्यात बोटाने एक पांढरा ठिपका लावतो, चिठ्ठी घडी घालून परत टाकतो आणि निघून जातो. कितव्या फुटावर लावायचा ते नशीब ठरवणार, किती उंचीवर ते त्याचा खांदा ठरवणार.

मी हे एका सोसायटीच्या भिंतीवर केलं होतं. पहिल्या खेपेला मडकं नव्हतंच, ‘वाटेल तिथे ठिपका लावा’ एवढंच सांगितलं. आठवड्यात सगळे ठिपके फाटकाजवळ आणि छातीच्या उंचीवर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. माणसाला स्वैर वागता येत नाही हा त्यातला धडा, पण तो मानसशास्त्राचा, फिजिक्सचा नव्हे. दुसऱ्या खेपेला मडकं आणलं. पन्नास ठिपक्यांपर्यंत लोक विचारत होते की चित्र कधी सुरू होणार. अडीचशेच्या सुमारास रोज दूध आणणाऱ्या एका आजींनी सांगितलं की इथे इथे कुणी लावतच नाही. हजाराच्या पुढे रस्त्यापलीकडून उभे पट्टे दिसू लागले. एका मुलाने मुद्दाम शून्याच्या रकान्यात ठिपका मारला. मी तो पुसला नाही. खऱ्या प्रयोगातही असा गोंगाट असतोच.

उरलेल्या वीस फुटांत दुसरा भाग. इथे मडक्यात सगळ्या रकान्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच. फरक एवढाच की रंग दोन: कॉलेजच्या डाव्या फाटकाने आलेल्याने निळा लावायचा, उजव्याने आलेल्याने नारिंगी. इथे पट्टे येणार नाहीत. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने आला याची खूण कुठेही राहिली की पट्टे जातात, ती खूण कुणी वाचो न वाचो. या वीस फुटांजवळ एक ओळ लिहा, मोठी पाटी नको: ‘इथे प्रत्येकाची वाट माहीत आहे.’ आणि चाळीस फुटांजवळ: ‘इथे कुणाचीच नाही.’ बाकी लोकांवर सोडा.

तुमच्यातला कुणी हुशार लगेच विचारेल की सर, ही लबाडी झाली, पट्टे तर मडक्यातच होते. त्या सोसायटीतल्या वॉचमनकाकांनीही मला हेच विचारलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत: “म्हणजे तुम्ही चित्र आधीच काढून मडक्यात ठेवलंय, आम्ही फक्त पोचवतोय?” बरोबर. एकट्या इलेक्ट्रॉनबद्दल बोलत असू तर कुणीही म्हणू शकतं की निसर्गाकडेही असंच एक मडकं असेल, चिठ्ठ्या आधीच लिहिलेल्या, आपल्याला फक्त दिसत नाहीत. आइन्स्टाइनचा कल साधारण याच बाजूचा होता. हे मडकं आहे की नाही हे तपासता येतं, असं भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने १९६४ साली दाखवलं, पण त्यासाठी दोन इलेक्ट्रॉनांची किंवा दोन फोटॉनांची (प्रकाशाच्या कणांची) जोडी लागते, आणि दोन भिंती.

खेळ असा. रस्त्याच्या दोन टोकांना दोन भिंती, प्रत्येकीपाशी एक खेळाडू. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. प्रत्येक जण स्वतःचं नाणं उडवतो, छापा किंवा काटा, आणि मग आपल्या भिंतीवर निळा किंवा पांढरा ठिपका लावतो. दोन्हीकडे काटा आला असेल तर रंग वेगळे हवेत. एरवी तिन्ही प्रसंगी रंग सारखे हवेत. खेळायच्या आधी दोघांनी हवी तेवढी गुप्त चर्चा करावी, हव्या तेवढ्या चिठ्ठ्या लिहून वाटून घ्याव्यात. कितीही डोकं चालवलं तरी लांब पल्ल्यात शंभरातले ७५ डाव हाती लागतात. त्यापुढे चिठ्ठ्या जातच नाहीत. कागद घेऊन दहा मिनिटं बसा, चारपैकी एक प्रसंग हातचा सुटतोच. जोडीने बांधलेले फोटॉन हाच खेळ सुमारे ८५ पर्यंत जिंकू शकतात. हा ८५ तुम्ही आत्ताच पाहिलात: वीसमधले सतरा. तोच कोसाइनचा वर्ग, तोच कोन. १९८२ मध्ये पॅरिसजवळ आलँ आस्पे यांनी आणि २०१५ मध्ये डेल्फ्ट विद्यापीठाच्या आवारात १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांनी अशी तपासणी केली, आणि चिठ्ठ्यांची हद्द ओलांडली गेली. आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल याच कामासाठी.

तुम्हाला ८५ जमणार नाहीत. तेच दाखवायचंय. उद्घाटनाच्या दिवशी हा खेळ ठेवा, दोन्ही टोकांना, पैजेवर. मोजदाद भिंतीवरच उभ्या रेघांनी करा. संध्याकाळपर्यंत दोन-तीनशे डाव होतील, उत्तम जोडीचा आकडा ७५ च्या आगेमागे अडकेल, आणि भिंतीवर ८५ ला आधीच आखून ठेवलेली लाल रेघ वरती रिकामी राहील. एखादी जोडी दहा डावांत दैवाने नऊ मारेल, तिला आणखी शंभर खेळायला लावा.

नुसतं पाहण्याजोगं काही हवं असेल, लोकांना हाताशी धरायचं नसेल, तर एक नमुना सांगतो. अमेरिकेतल्या मोझेस लेक गावी २००६ मध्ये यूलियान फॉस-आंद्रेए या शिल्पकाराने माणसाएवढ्याहून मोठी एक आकृती उभी केली, पोलादाच्या समांतर उभ्या पत्र्यांची. समोरून पाहिलं तर भरीव माणूस, पत्र्यांच्या कडेच्या दिशेने पाहिलं तर जवळपास आरपार. हा गृहस्थ शिल्पकार व्हायच्या आधी व्हिएन्नामध्ये फिजिक्स शिकत होता आणि साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणूही लाटेसारखा वागतो हे १९९९ मध्ये दाखवणाऱ्या गटात होता. त्याचं पाहून भिंतीवर उभ्या पट्ट्या ठोकून डावीकडून एक चित्र, उजवीकडून दुसरं असं करता येतं. दिसतं छान. पण त्यात दोन्ही चित्रं पूर्ण हजर असतात, फक्त पाठ फिरवून. म्हणून मी त्याला मांजरीपेक्षा वर ठेवतो आणि मडक्यापेक्षा खाली. पट्ट्या लाकडाच्या नकोत, एका पावसाळ्यात वाकतात.

साच्यांबद्दल एक राहिलं. कुणी बोस यांचा चेहरा साच्याने भिंतभर छापायचं म्हणत असेल तर विनोद म्हणून छापा, कारण क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करताच येत नाही, हे १९८२ पासून सिद्ध आहे. ती दुसरीकडे पाठवता येते, पण मूळ जागची पुसली जाते. २००४ साली व्हिएन्नाच्या मंडळींनी डॅन्यूब नदीच्या खालच्या सांडपाण्याच्या बोगद्यातून ६०० मीटर अशी पाठवूनही दाखवली. त्याच शहरात कालव्याकाठच्या भिंतींवर कुणीही रंगवावं, दुसऱ्याने त्यावर रंगवावं अशी मोकळीक आहे. खालचं चित्र गेल्याशिवाय वरचं येत नाही. ही उपमा मला आवडते, पण ती उपमाच, हेही सांगून ठेवतो.

आता कामाचं. भिंतीला नवीन गिलावा असेल तर चार आठवडे थांबा, नाहीतर सिमेंटचा क्षार रंग खातो. बाहेरचा प्रायमर एक हात, गडद इमल्शन दोन हात. ठिपक्यांसाठी पांढरा ॲक्रिलिक इमल्शन, पाणी न घालता, नाहीतर ओघळ आला की एका ठिपक्याचे तीन होतात. बोट पुसायला चिंधी आणि पाण्याची बादली ठेवा, नाहीतर लोक भिंतीच्या कोपऱ्याला पुसतात आणि तुमच्या पहिल्या रकान्याला नको ती गर्दी होते. चिठ्ठ्या साध्या कागदाच्या चार दिवस टिकतात. बटणं किंवा कॅरमच्या सोंगट्या घेऊन त्यावर आकडे लिहिले तर जास्त बरं. आणि मडकं खरंच मातीचं, अरुंद तोंडाचं घ्या. रुंद भांड्यात लोक बघून काढतात.